आधी पाणी, मग तेल

३ फेब्रुवारी, सोमवार
बायको सुमंगला जाऊन आठ दिवस झाले. तिच्या माहेरची, दिग्गीची माणसं येऊन गेली. तेराव्यापर्यंत सुतक आहे, घरात कुणाच्या डोक्याला तेल नाही.

आमच्या अंकिताचे केस आईवर गेलेत – पिढ्यांमागं आफ्रिकेतून आलेल्या सिद्द्यांचे, बारीक कुरळे, लगेच कोरडे पडणारे. आठ दिवस कुणी हात लावला नाही. आज मानेवर सुपारीएवढी गाठ दिसली. माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं चाचपली आणि हात मागं घेतला. "नागू, जट हाय ही! देवीनं मागितलंय पोरीला."

म्हणजे पोर देवीला सोडायची, केस कापायचे नाहीत, पुढं शाळा नाही, लग्न नाही. पोर नऊ वर्षांची. मी दारात जाऊन बसलो. नेहमीसारखा.

४ फेब्रुवारी
गाठीत फणी घातली. दाता मोडला. अंकिता किंचाळली, "आई आधी पाणी लावायची! मग तेल. आन् टोकाकडनं!"

सुमंगला पोरीचे केस विंचरायची तेव्हा रोज दारात बसून मी बघत होतो. काय बघत होतो?

५ फेब्रुवारी
सुमंगला जास्वंदीचा पाला पाण्यात चोळून लावायची, असं अंकितानं सांगितलं. पाला म्हणजे तेल नव्हे! ओढ्यावर नेलं. तो बुळबुळीत रस लावून बोटांनीच एकेक बट सोडवली. निम्मी गाठ सुटली.

घरी येताच अक्कानं पोरीचं डोकं हुंगलं.
"केस वलं कशापायी?"
"न्हाऊ घातलं."
"देवीशी खेळू नगंस, नागू. उद्या सांजच्याला पुजारीण येतीया."

६ फेब्रुवारी
गाभा दगडासारखा. पाल्यानं हलेना. अक्का पाण्याला गेली तशी खोबरेलाची बाटली काढली. अकराव्या दिवशीच सुतक मोडलं. जट देवीचीच असली तर?

तासाभरानं गाठ सुटली. आत लाल रबर! दवाखान्यात खाटेवर बसून सुमंगलानं पोरीची वेणी घातली होती, शेवटची. त्या वेणीचंच. त्याच्याभोवतीच केस गुंतत गेले होते.

अक्का दारात उभी. रबर तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते बोटांत धरून ताणून बघितलं.
"त्याल लावलंस न्हवं?"
"व्हय."
आत गेली. पुजारणीला फोनवर सांगताना ऐकलं – "यिऊ नगंस. न्हाई, जट न्हवं. तिच्या आईचं रबर हुतं."

७ फेब्रुवारी
बारावा. अक्कानं स्वतःच्या जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा फाडून पोरीच्या डोक्याला बांधला. "निजताना बांधत जा. कोरडं पडायचं न्हाईत." कुठून कळलं तिला? म्हणाली, "तुझी बायकू बांधायची की. तुला दिसत न्हवतं व्हय?"

८ फेब्रुवारी, शनिवार
तेरावा झाला. सगळे गेले.

दवाखान्यात सुमंगला म्हणाली होती, "माझ्या बी केसाला जरा पाणी-तेल लावा. लई ओढल्यागत होतंय." वॉर्डात माणसं होती. मला लाज वाटली. "घरी गेल्यावर," म्हणालो.

आज तिची फणी धुवायला घेतली. दात्यांत तिचे दोन केस होते, कोरडे. आधी पाणी लावलं. मग तेल.