तांब्या वरून धरला होता

सिस्टरबाई,

तुम्ही वारल्याला महिना झाला. तेव्हा मी रडायला आले नाही. आज लिहायला बसले ते नड पडली म्हणून. अक्षराला हसू नका. आत्याबाईंचा डोळा लागलाय, त्या उठायच्या आत हे उरकायचंय.

आमची शोभा नर्सिंगला जाते म्हणती, लातूरला. उद्या फॉर्मचा शेवटचा दिवस. मालक आईपुढं तोंड उघडत नाहीत. आणि आत्याबाई? "कुणाच्याबी घरात शिरंल, कुणाच्याबी हातचं पाणी पिईल. मग ह्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा न्हाई!"

पाण्याचं नाव काढलं अन् मला शोभाच्या जन्माचं साल आठवलं.

दुष्काळाचं साल ते. विहिरीत नुसता चिखल. शोभाच्या वेळी मी दोन दिवस अडलेली, सुईण विळा घेऊन बसलेली. तालुक्यातल्या पहिल्या नर्सबाई तुम्ही, आमच्याच गावच्या बौद्धवाड्यातल्या. सायकल भिंतीला टेकवून आत आलात. "विळा ठेव मावशे, जवारी कापायची न्हाई इथं." मग उकळायला पाणी मागितलं, तर आत्याबाई रांजणाला आडव्या! बाटेल म्हणून. मी कण्हत होते, पण ऐकू येत होतं हो सगळं. तुम्ही भांडला नाहीत. धावत घरी गेलात अन् तुमच्या आईनं प्यायला राखलेली घागर उचलून आणलीत. तेच पाणी उकळलं. त्या दिवशी त्या घरात तुमच्या आईनं काय प्यायलं? मी कधी विचारलंसुद्धा नाही.

आणि तिसऱ्या दिवशी? पोरीला बघायला उन्हातून आलात, पाणी मागितलंत. मी तांब्या वरून धरला. तुम्ही ओंजळ केलीत. पिऊन झाल्यावर म्हणालात, "पोर माझ्या हातात चालते, तांब्या न्हाई चालत व्हय?" अन् हसलात. मी तांब्या घेऊन आत गेले. आत्याबाई घरात नव्हत्या, सिस्टरबाई! मग कुणाला भ्याले मी?

तुम्ही तरी परत परत का आलात? लस आली की आलात, ताप आला की आलात. एकदा ते पाणी माझ्या तोंडावर फेकायचं होतं! लातूर जिल्हा नवा झाला, तुमची बदली तिकडं झाली, तेव्हा शोभा तुमच्या सायकलीमागं वेशीपर्यंत पळाली. घरी आणली तरी दोन दिवस धड जेवली नाही. ही तुमच्याच वाटेनं जाणार, हे तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

आत्याबाईंचा खोकला ऐकू आला. उठल्या. आता सांगते त्यांना, पोरीच्या अंगावर पहिलं पाणीच बौद्धवाड्यातलं पडलंय, आता बाटायचं काय राहिलंय?

फॉर्मवर मी सही केली. तुम्ही शिकवली तशी, अंगठा नाही. उद्या पहिल्या एसटीनं आम्ही दोघी निघतो. त्याआधी तुमच्या आईच्या दारात जाऊन पाणी मागणार आहे. म्हातारीनं तांब्या वरून धरला, तरी ओंजळ करीन.

शोभाची आई,
महानंदा