न छापलेली ओळ

कळस,
१८ ऑक्टोबर १९९८

प्रिय बिरदेव,

जी ओळ कागदावर उमटतच नाही, तिच्यात तू एवढी मोठी गोष्ट का लिहिलीस? मी वाचावी म्हणून, की वाचू नये म्हणून? पंधरा दिवस विचार करतेय.

बारामतीच्या आपल्या ऑफिसात आता तीन कॉम्प्युटर आहेत. पंपांच्या माहितीपुस्तिका तू आणि मी जुन्या वर्डस्टार प्रोग्रॅममध्ये टाईप केल्या होत्या, त्या सगळ्या आता नव्या पद्धतीत न्यायच्या आहेत. पूर्वी आपण फक्त 'हे अक्षर ठळक कर' एवढंच सांगायचो. आता ते ठळक का, हे सांगावं लागतं. हे शीर्षक, ही पायरी, ही धोक्याची सूचना, अशी प्रत्येक ओळीला दोन्ही बाजूंनी खूण घालायची. मला हे काम फार आवडतं. प्रत्येक ओळ काय आहे ते आधी समजून घ्यावं लागतं.

तेव्हा एकच मशीन होतं. सकाळी तू, दुपारी मी. ओळीच्या सुरुवातीला दोन टिंबं दिली की ती पडद्यावर दिसते पण छापली जात नाही, हे तूच शिकवलंस. मग आपले निरोप तिथंच असायचे. 'व्हॉल्व्हचा आकडा तपास.' 'कपाटात शेंगदाण्याची पोळी ठेवलीय.' घरात पहिली पदवी घेणारी मी, माझ्या परीक्षेच्या दिवशी तू तिथंच लिहिलं होतंस, 'घाबरू नको.'

आपल्या शेवटच्या पुस्तिकेच्या वेळी मी पंधरा दिवस रजेवर होते. परत आले तर ती छापून झाली होती. मानसिंगराव साहेबांनी कागदच हातात दिले. मी फाईल न उघडता ते ओळन् ओळ तपासले आणि सही केली. त्या आठवड्यात तू सारखा माझ्या तोंडाकडे बघायचास. मग हैदराबादला गेलास. मला वाटलं, मोठी नोकरी लागली, आता आपली आठवण कशाला.

टिंबांच्या ओळी काढून टाका, असं साहेबांनी सांगितलंय. पुसताना अकराव्या पानावर हात थांबला. इंग्रजी अक्षरांत, तुझ्या पद्धतीनं, 'करुणा, तात्यांना विचारायला कळसला येऊ का?'

चार वर्षं ती ओळ तिथंच होती. तिला कोणती खूण घालायची, मला कळेना.

तुझा पत्ता तुझ्या गोजरबाई काकूंनी दिला. इंदापूरच्या बाजारात भेटल्या, माझ्या बाटलीतलं पाणी प्यायल्या, तू अजून एकटाच आहेस म्हणाल्या.

इकडे भिगवणचं स्थळ आलंय. आमच्याच समाजातलं, मुलगा बँकेत, माणसं चांगली. म्हणून परवा तात्यांना तुझी ओळ वाचून दाखवली. म्हणाले, "चार वर्सं कागद तपासत हुतीस व्हय?" मग म्हणाले, "त्यांच्या घरची आपल्या घरी पानी तरी पितील का?" मी बाजारातली बाटली सांगितली. ते ऐकून तात्या उठून गेले नाहीत.

तू येशील की नाही, मला माहीत नाही. हे पत्र तू यावंस म्हणूनच लिहिलंय, पण तुझ्या उत्तरावर मी काही अवलंबून ठेवलेलं नाही. ती ओळ मी पुसली नाही. नव्या फाईलमध्येही न छापणाऱ्या ओळीला जागा असते, तिथं ठेवली आणि खाली लिहिलं, 'ये.' आणि भिगवणला काल नकार कळवला.

उशिरा वाचणारी, तुझीच
करुणा