सिन्नरच्या जमिनीवरची सही

मंगळवार, मार्च १९९८. नाशिक.

संध्याकाळी सिन्नरहून धाकटा भाऊ आला. मी साडी नेसते म्हणून ज्याने मला घराबाहेर काढलं, तोच. वडिलांची जमीन विकायचीय, थोरला मुलगा म्हणून माझी सही हवी. पिशवीत चक्क पँट-शर्ट घेऊन आला होता!

"दादा, कचेरीत हे घालून ये. लोक हसतील."

"आधी गल्लीत उभा राहून मला ताई म्हण. मोठ्यानं."

शेजारणींसमोर म्हणाला. दोनदा. घामाघूम झाला होता. काय गार वाटलं मला! तरी पँट-शर्ट आठवला की अजून डोकं भणभणतंय. एवढ्यानं का भागत नाही माझं?

मग म्हटलं, "सही नाही देणार. कागदावर मुलगा आहे ना मी? माझा वाटा मीच कसणार, सगळ्या गावासमोर, साडी नेसून."