झाकण मिटलं म्हणजे बंद नव्हे

जालना, १२ जानेवारी २०२५

चि. रितिका हिला दादीचे भरभरून आशीर्वाद.

घरी सगळे ठीक. थंडीने माझे गुडघे धरलेत आणि तुझे दादाजी नेहमीसारखे कुणाचं ऐकत नाहीत. पुण्यात नीट जेवतेस ना? फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

मोठी बातमी म्हणजे, परवा वाटूर फाट्यावर चहा पिताना दादाजींच्या शेजारून लॅपटॉप पिशवीसकट चोरीला गेला. आपल्या संकरित मिरचीच्या बियाण्याची मादी कोणती, नर कोणता, सगळं त्यात! ते दुसऱ्या कंपनीच्या हाती लागलं तर पेढी बसलीच. मयंकला धीर द्यायला मी म्हटलं, "अरे, रितिकानं परक्याला वाचता येऊ नये म्हणून कुलपाची डिस्क बसवलीय ना?" तर तुझा भाऊ रडकुंडीला येऊन म्हणाला, "दादी, मशीन पूर्ण बंद असंल तरच ते लागतं. दादाजी नुसतं झाकण मिटतात."

तू हेच तर बजावलं होतंस. झाकण मिटलं तरी आत किल्ली लागलेलीच राहते. डिस्कवाल्याच्या एकट्या कुलपावर भरवसा नको, म्हणून तू वरून दुसरंही घातलंस; पण मशीन नुसतं झोपलेलं असलं तर दोन्ही उघडी. आता आपल्याकडे दुकान कुणी 'बंद' करतं का? 'बंद' अशुभ, म्हणून 'मंगल' करतात. गादीवरचं यंत्र बंद करणं दादाजींना अपशकुन वाटायचा. वर तुला बोलले, "उद्या परघरी जाणार तू. आमच्या वाणाची कुलपं तुला कशाला?" त्याच दिवशी तू पुण्याला निघून गेलीस.

मयंक ओरडून राह्यला. शेवटी हे म्हणाले, "बिलकुल बंद होतं. ती गेल्यापासून रोज करतो."

बटण दाबून, दिवा विझेपर्यंत हात जोडून बसतात म्हणे! बायको असून मला पत्ता नाही.

तू हट्टाने ठेवायला लावलेली दुसरी प्रत तिजोरीत होती, त्यामुळे कामही अडलं नाही. आता मोंढ्याच्या बाजारात भेटेल त्याला सांगतात, "चोराला रिकामा डबा मिळाला. माझ्या नातीचं कुलूप हाय ते." मीसुद्धा सांगत सुटलेय. ऊर भरून येतो गं.

यंदा त्यांनी नवी मिरची तयार केलीय. तिचे आईबाप मयंकलाही सांगितलेले नाहीत. काल म्हणाले, "लिही तिला. आली की पहिलं तिलाच सांगतो."

पाकीट चिकटवायला तेच शेजारी बसलेत, म्हणून इथे थांबते.

तुझी दादी,
सायरबाई