‘रिलीव्हर’ची संध्याकाळ

प्रिय पमू,

पत्र तुला लिहिते आहे, पण वाचणार आहेत भिलाईतली मराठी घरं. सेक्टरांच्या क्वार्टरमधली, वैशाली नगरची, खुर्सीपारची. ज्यांचे आजे आणि बाप भंडारा-गोंदियाकडची शेती भावांवर सोपवून इथं पोलाद वितळवायला आले, ती सगळी. त्या सगळ्यांना माझ्याइतकीच एक गोष्ट सलते: पिकतं तिथं विकत नाही! आपलं पोलाद मालगाडीत बसून जातं, आपली शिकलेली पोरं पुण्या-बंगळुरूच्या गाडीत बसून जातात, आणि गणपतीत गाणी ऐकायची झाली की आपण बाहेरून ऑर्केस्ट्रा बोलावतो. मग वर्षभर कुरकुरतो, ‘भिलाईत काहीच होत नाही.’

आताच का लिहिते आहे? तुला जाऊन वर्ष होत आलं. आपल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी सेक्रेटरी वानखेडे काकांनी तुझ्या बँडवर दोन पानं मागितली. विषय दिला, ‘रिलीव्हर बँडची वाटचाल व कार्य’. कार्य! तू किती हसला असतास रे. म्हटलं, वाटचाल ज्याची, त्यालाच सांगावी. शिवाय येत्या रविवारी मंडळाची वार्षिक सभा आहे. गणपतीतली तुझ्या बँडची संध्याकाळ यापुढे इथल्या पोरांकडे राहणार की नाही, ते तिथं ठरायचं आहे. त्याआधी, या गणपतीत काय घडलं ते तुला कळायला नको?

पण सुरुवातीपासून सांगू दे. तुला नाही, वाचणाऱ्यांना.

वैशाली नगरात बाबांनी घर बांधलं, त्यामागं स्कूटरसाठी टिनाची शेड होती. स्कूटर विकली आणि शेडमध्ये तुम्ही तिघं घुसलात: तू, गुणवंत आणि रेवाराम. तिघेही पोलादाच्या प्लांटमधले. परदेशात काही पोरांनी जुनं, साधं, खरखरीत रॉक संगीत पुन्हा उभं केलं होतं. तीन सूर, फुटका आवाज, पॉलिशचं नाव नाही. घरच्या गॅरेजमध्ये वाजवायचं म्हणून त्याला गॅरेज रॉक म्हणतात, असं तू मला समजावलंस. कोणीतरी दिलेली एक सीडी तू झिजेस्तोवर ऐकलीस आणि म्हणालास, “बेबीताई, हे तं आपल्यालेही जमते. आपल्याजवळ टिन हाय, आवाज आपोआपच फाटते!”

दारावर तू खडूनं ‘गॅरेज’ लिहिलंस, तर दुसऱ्या दिवशी शेजारचे नत्थूजी आपली लूना ढकलत आले. “पमू बेटा, ब्रेक पाह्यजो जरा.” आणि तू खरंच पाहिलास! बिघडवलास, पण पाहिलास.

आता तुमच्या वाजवण्याच्या पद्धतीबद्दल. ही गोष्ट भिलाईबाहेर घडूच शकली नसती. माणसं तीन आणि पाळ्याही तीन. एकजण ड्यूटीवर, एकजण रात्रपाळी करून झोपलेला, उरलेला शेडमध्ये. आठवडा बदलला की पाळ्या बदलायच्या, पण तुम्ही तिघं एका पाळीत कधी आला नाहीत. सरावाला फार तर दोघं. मग जो आहे त्यानं जे रिकामं आहे ते वाजवायचं. आज गिटार, उद्या ड्रम, परवा बेस. त्यामुळे तिघांनाही सगळं येऊ लागलं. एकालाही धड नाही, असं मी म्हणायची. “धड वाजवनारे रेडिओवर हाएत ना,” तू म्हणायचास.

आणि बँडचं नाव! प्लांटमध्ये पाळी संपली तरी आपल्या जागी पुढचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय जागा सोडायची नसते. मशीन एकटी ठेवायची नाही. तोच नियम तुम्ही शेडमध्ये लावलात. सूर एकदा सुरू झाला की बंद पडू द्यायचा नाही. दुसऱ्यानं वाद्य हाती घेतलं की मगच पहिल्यानं सोडायचं.

पहिला कार्यक्रम आठवतो? मंडळाचा गणपती, मोठं स्टेज, समोर साड्या नेसून बसलेल्या काकू. आणि गुणवंतचा रिलीव्हर आलाच नाही! म्हणून गुणवंत प्लांटमध्येच अडकला. तू ड्रमवर बसलास, तिथूनच गायलास, रेवारामनं गिटार धरली. अर्ध्या गाण्यात गुणवंत सायकल टाकून धावत आला. डोक्यावर हेल्मेट, पायात सेफ्टी शूज, तोंड काळं. तसाच स्टेजवर चढला आणि तुझ्या हातातल्या काड्या एकेक करून घेतल्या, ठोका न चुकवता. तू उठून रेवारामच्या खांद्यावरची गिटार काढलीस, त्यानं वाकून खालचा बेस उचलला. गाणं कुठं थांबलंच नाही. लोकांना वाटलं, हे सगळं बसवलेलं आहे. अख्खा मांडव उभा राहिला!

पुढच्या वर्षी गुणवंतला सुट्टी होती, तरी लोक ओरडले, “हेल्मेट कुठी हाय बे?” झालं. ते बँडचंच होऊन बसलं.

गाण्यांवरून आपली किती भांडणं झाली! मी प्लांटच्या गेटसमोरच्या कामगार सभांत माइक हातात घेऊन वाढलेली. मला वाटायचं, एवढा मोठा आवाज हाती आहे, तर अन्यायावर बोल, कंत्राटी कामगारावर बोल. आणि तू लिहिलंस काय? ‘साहेब मले सुट्टी द्या, झोप येऊन राह्यली, सुट्टी द्या.’ एवढंच. पुनःपुन्हा.

“हे गाणं आहे?” मी विचारलं.

“तुह्या भाषणात कामगार हक्क मागते,” तू म्हणालास, “माह्या गाण्यात झोप मागते. दोघंही खरे. पन माह्यं पाठ होते.”

माझं मत अजूनही तेच आहे, पमू. तू कंत्राटी कामगारावर गाणं लिहायला हवं होतंस. तिथं तू चुकलास. पण एका गोष्टीत तू माझ्या सगळ्या भाषणांहून पुढं गेलास, हे मी कुठल्याही स्टेजवरून सांगेन. शाळेत हिंदी, बाजारात हिंदी, गल्लीत छत्तीसगढी, आणि ‘मले-तुले’ फक्त आईसमोर, स्वयंपाकघरात. ही आपली भाषा. बाहेर बोललो की लोक हसतात म्हणून आम्ही ती चपलेसारखी दारात काढून ठेवायचो, नव्हे, दारातून आत येतानाच पायात घालायचो! तू ती फाटक्या स्पीकरमधून चौकात वाजवलीस. मंडळाचे एक वडीलधारे नाक मुरडून म्हणाले होते, “ही कुठली मराठी?” तू सरळ उत्तर दिलंस, “घरची.”

एक राग मात्र अजून आहे. मुंबईहून रेकॉर्डिंगवाले आले होते. चांगली माणसं होती. त्यांनी विचारलं, तुमच्यातला गिटारवाला कोण? तुम्ही तिघांनी एका सुरात सांगितलं, “ज्याले सुट्टी असन तो.” त्यांना वाटलं थट्टा करताय. ते म्हणाले, एक कोणीतरी ठरवा, चेहरा लागतो. तुम्ही ठरवला नाहीत. का रे? एक तरी नीट ध्वनिमुद्रण राहिलं असतं! आज माझ्याजवळ मोबाइलवर घेतलेले तुकडे आहेत. त्यात तुझ्यापेक्षा नत्थूजींचा खोकला जास्त ऐकू येतो. ऐकते मी तरी. खोकला आला की हसते.

पण तू काय मागं ठेवलंस, ते त्या चकचकीत सीडीत मावलंही नसतं. भिलाईजवळच्या कुम्हारीला कॉलेजच्या चार पोरींनी बँड काढला. हायवेवरच्या एका बंद गोदामात सराव करतात. आपण दोघं ऐकायला गेलो होतो. पोरी वाजवत होत्या, वाजवता वाजवता वाद्यं बदलत होत्या आणि चौघींच्या डोक्यावर हेल्मेट! मी विचारलं, “बाळांनो, हे कशासाठी?” त्यांची मुख्य, रश्मी नावाची, गंभीरपणे म्हणाली, “काकू, गॅरेज रॉकमध्ये असंच असतं ना? नियम आहे तो.”

त्या पोरींपैकी एकीचाही बाप प्लांटमध्ये नाही! पाळी नाही, रिलीव्हर नाही, धूळ नाही, आणि हेल्मेट आहे! मी सांगायला तोंड उघडलं, तर तू माझा हात दाबलास. “सांगू नोको, ताई. राहू दे.” परतीच्या वाटेवर बाइक बाजूला घेऊन तू डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलास. मी परंपरांवर जाडजाड ग्रंथ वाचले आहेत. परंपरा कशी जन्मते ते मला त्या गोदामात दिसलं. एकाची अडचण, दुसऱ्याची रीत. खुर्सीपारच्या पोरांनीही बँड काढला आहे, तीही तसंच करतात, फक्त त्यांची हेल्मेटं खरी असतात, बापाची.

आणि मग तू गेलास. हिवाळ्यात, दुपारी, जेवून उठलास, हात धुतलास, आणि खुर्चीत बसलास तो बसलासच. अरे, तुझ्याच बँडचा नियम होता ना? दुसरा आल्याशिवाय जागा सोडायची नाही? तुझी बायको, आमची वहिनी, अजून म्हणते, “एक आवाज तं द्यायचा होता.” खरंच, एक आवाज द्यायचा होतास.

गणपतीच्या आधी मंडळाची बैठक झाली. वानखेडे काका म्हणाले, “बेबी, बँडच नाई राह्यला, तं ते संध्याकाळ कोनाले देऊ? रायपूरचा ऑर्केस्ट्रा मोकळा हाय, डीजेसंग.”

गुणवंत आणि रेवाराम मान खाली घालून बसलेले. पमूशिवाय वाजवणार नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. मग मी उठले. तुला माहीत आहे मी उठले की काय होतं. लोकसंगीताचा इतिहास सांगितला, गिरणगावचे शाहीर सांगितले, अमेरिकेतले काळे गायक सांगितले. मागच्या रांगेत एकजण घोरायला लागला.

शेवटी रेवाराम उठला. आपल्या छत्तीसगढीत एवढंच म्हणाला, “हमन ला झन देव. लइका मन ला देव.” आम्हाला नका देऊ, पोरांना द्या.

काका म्हणाले, “पोरं म्हंजे? ते हेल्मेटवाल्या पोरी? कार्यक्रम हाय का बांधकाम?”

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं वानखेडे काकूंचा आवाज आला. “अवं, गप्प राहा जी. मागच्या साली पमूच्या गान्यावर तुमीच नाचले होते. धोतर सावरासाठी मले उठा लागलं.”

बैठक हसली आणि निकाल लागला. माझ्या भाषणानं नाही, हे मी लिहून ठेवते.

ती संध्याकाळ, पमू! आधी खुर्सीपारची पोरं, मग कुम्हारीच्या पोरी. गुणवंत आणि रेवाराम पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून, पाहुण्यांसारखे. रश्मीनं ‘सुट्टी द्या’ सुरू केलं आणि मांडव गायला लागला. ज्यांना घरी मराठी बोलायला लावलं तर हिंदीत उत्तर देतात, ती पोरं घसा फाडून ‘मले सुट्टी द्या’ म्हणत होती! गाणं अर्ध्यात आलं, तशी रश्मी गिटार वाजवत, लांब वायर ओढत, स्टेजच्या पायऱ्या उतरली. सरळ रेवारामसमोर येऊन उभी राहिली. एका हातानं वाजवतेय, दुसऱ्यानं पट्टा खांद्यावरून काढतेय.

“काका, पकडो जल्दी. सूर बंद पडेल!”

तिला तो सोडता येत नव्हता, आणि रेवारामला तो पडू देता येत नव्हता. वीस-बावीस वर्षं अंगात मुरलेली सवय. त्याचा हात आपोआप पुढं झाला. गिटार हातात घेतल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण वाजवतो आहोत. मग गुणवंत कसा बसून राहील? तो स्टेजकडं धावला तेव्हा वहिनी माझा हात धरून रडत होती, आणि हसतही होती.

मी समाधानी आहे, पमू. तुझी उणीव आहे, ती राहील. पण मन रिकामं नाही.

फक्त एक अडतं. वानखेडे काकांनी दुसऱ्या दिवशीच सांगितलं, “यंदा पमूसाठी देली. पुढच्या साली सभा ठरवन.” काहीजणांनी तोडही काढली आहे: ‘स्वर्गीय प्रमोद स्मृती संध्या’ नाव द्यावं, तुझ्या फोटोला हार घालावा, आणि मग ऑर्केस्ट्रा बसवावा. वा! माणसाला फोटोत बसवला की त्याचं काम संपवायला सगळे मोकळे!

म्हणून तुला वचन देते. त्या संध्याकाळला मी तुझं नाव देऊ देणार नाही. तुझा फोटो स्टेजवर येऊ देणार नाही. तिथं फक्त वाजवणारी माणसं असतील, इथली, जिवंत, बेसूर असली तरी चालतील.

आणि वाचणाऱ्यांनो, तुम्हाला एकच सांगते. रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाच्या सभागृहात या. ठराव एकच आहे: गणपतीतली ती संध्याकाळ दरवर्षी इथल्या पोरापोरींची. भाषण करू नका, हळहळू नका. ठराव वाचला की हात वर करा, आणि मोजून होईपर्यंत खाली घेऊ नका.

तुझी,
बेबीताई
वैशाली नगर, भिलाई