दोनशे सहा हाडांचा ताळा

॥ श्रीगजानन प्रसन्न ॥

३ जून, बुधवार. संकष्टी.
गौरी तोंडी परीक्षेत नापास. शरीररचनेच्या. लेखी पास, मैदानावरचं सगळं पास, खो-खोत तर कॉलेजात पहिली. फक्त सरांसमोर हाडांची नावं सुचली नाहीत. १९ला पुन्हा बोलावलंय. तेव्हाही नाही झालं तर वर्ष गेलं, आणि इथल्या नोएडातल्या शाळेत जुलैपासून खेळाची टीचर म्हणून घेणार आहेत तेही गेलं. पोरगी उपास नसूनही जेवली नाही.
हे पेपरातून म्हणाले, "क्लास लाव तिला."
म्हटलं, क्लासवाल्याकडे काय जास्तीची हाडं आहेत? मी घेईन उजळणी.
गौ. हसली. "आई, तू? यार, दहावीत सायन्सला किती होते तुला?"
छत्तीस. पण पास होते.

५ जून, शुक्रवार
सकाळी कवच म्हणताना लक्षात आलं. डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाला हात लावून देवाला म्हणायचं, हे सांभाळ, ते सांभाळ. तीस वर्षं म्हणतेय, कधी एक अवयव सुटला नाही. कारण हात आपोआप पुढे जातो. मग हाडं का नाहीत पाठ होणार?
आंघोळ झाल्यावर गौ.ला देवासमोर उभी केली. हात लावायचा, नाव घ्यायचं. स्कल, मँडिबल, क्लॅव्हिकल... चुकली की पुन्हा डोक्यापासून. पोरीला नडगी माहीत नाही! पिंडली, पिंडली करते. म्हटलं पिंडली म्हणजे पोटरी, ती मागे. पुढे टोचतं ते हाड नडगी. "अच्छा, टिबिया!" म्हणाली. दोघींना एकेक शब्द मिळाला.
देवासमोर टिबिया म्हणावं का, असं क्षणभर वाटलं. पण घडवली त्यानेच.

७ जून, रविवार
ताळा जमत नाही. पुस्तकात एकूण दोनशे सहा. गौ.च्या वहीतून एकेक उतरवली. डोकं-चेहरा २२, घशातलं १, कणा २६, बरगड्या २४, छातीचं १, दोन्ही हात ६४, दोन्ही पाय ६२. झाली दोनशे. तीनदा बेरीज केली.
"आई, छोड ना. सहाच तर आहेत."
सहाच? मी सहा पळ्या हरवल्या तर घर डोक्यावर घेईन, ही तर अंगातली हाडं.
भाजी फोडणीला टाकली तरी डोक्यात तेच. मनात कवच म्हणत गेले आणि थांबले. कवचात कान आहेत. हिच्या वहीत कानच नाहीत! पुस्तक उघडायला लावलं. प्रत्येक कानात तीन. सर्वात लहान तांदळाच्या कणीएवढं. सहा!
गौ. उठून नाचलीच. "आई, तू ग्रेट आहेस, बिल्कुल!" ह्यांनी पेपर खाली ठेवला. लग्नानंतर प्रथमच असेल.

१० जून, बुधवार
आता स्नायू आणि श्वास. लिफ्ट बंद, चार मजले दोघी पायीच. वर आल्यावर तिने माझी नाडी धरली, स्वतःची धरली. तिची दोन मिनिटांत जागेवर. माझी धडधडतच. तिने समजावलं, सराव असला की हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, म्हणून कमी ठोक्यांत भागतं. काटकसरी हृदय. हे मला लगेच पटलं.
हाडं आता न अडखळता. मी निर्धास्त.

१२ जून, शुक्रवार
वाईट दिवस. समोरच्या बिल्डिंगमधली सिमरन, हिच्याच वर्गातली, पास झालेली. तिने सहज विचारलं, "चल, घुटने से नीचे बता." गौ.चा हात डोक्यावर गेला, ओठ हलायला लागले, स्कल, मँडिबल...
सिमरन हसून लोटपोट. "पूरी आरती करेगी क्या? तब तक सर लंच पे चले जाएँगे!"
घरी येऊन माझ्यावर. "तुझ्यामुळे! मला आता मधूनच येत नाही काही."
खरं आहे. कवच मधून सुरू करायचं नसतं, चुकलं की पहिल्यापासून. मी तीच शिस्त लावली. देवाला घाई नसते, परीक्षकाला असते. सात दिवस उरले. चूक माझी, आणि वर्ष जाणार तिचं.

१४ जून, रविवार
सापडलं! देवघरात नाही, मैदानावर.
खो-खोत पाठीवर थाप पडली की त्याच क्षणी उठायचं. विचार करत बसली तर गडी निसटला. हे तर पोरीच्या अंगात मुरलेलं. ती भांडी घासत होती. मागून जाऊन तिच्या खांद्यामागे बोट टेकवलं आणि ओरडले, "खो!"
"स्कॅप्युला!" ताटली हातातून सुटली, पण नाव आलं.
दिवसभर तेच. नाव, त्यावरचा स्नायू, त्याचं काम. कोपर, खो. टाच, खो. हे पेपराची सुरळी करून दबा धरून बसतात. "खो!" "बाबा, दात घासतेय मी!" "दातही सांग मग!"
दात हाडांत धरत नाहीत, हे तिने तोंडात फेस असताना सांगितलं.

१९ जून, शुक्रवार
पास!! गजानना!
मी बरोबर गेले, कॉलेजच्या व्हरांड्यात जप करत बसले. बाहेर आली ती दोन पायऱ्या एकदम गाळून. सगळं तिने सांगितलेलं लिहिते. सरांनी बसायच्या आत विचारलं, घोट्यात कुठली हाडं? खो! मग खांदा. मग एकदम कान. कान!! मग मांडीचं खरं हाड हातात दिलं, बोलो, दायाँ या बायाँ? हिने उजव्या मांडीला लावलं, गोल डोकं बाहेर गेलं. डावीला लावलं, खुब्यात बसेल असं आत आलं. "बायाँ, सर."
"अंदाज़ा लगाया?"
"नहीं सर, लगाकर देखा."
सर हसले म्हणे. विचारलं, "पिछली बार क्या हुआ था तुम्हें?" ही म्हणाली, "पिछली बार मम्मी से नहीं पढ़ा था."
व्हरांड्यात मी रडले. लोक बघत होते, बघू देत. घरी शिरा, तूप सढळ.

२२ जून, सोमवार
शाळेचा फोन. त्याच जागेसाठी अजून एक मुलगी आहे, अनुभवी. बुधवारी दोघींना मुलांसमोर तास घ्यायला लावणार, मग ठरवणार. गौ.ने लगेच गच्चीवर मला आणि ह्यांना रांगेत उभं केलं, शिट्टी गळ्यात.
"आई, गुडघा आत वळवू नकोस. भार टाचेवर. नडगी सरळ!"
नडगी म्हणाली. टीचरच झालीये ती, शाळेला कळायचं बाकी आहे. बुधवारी काय होईल ते गजानन बघेल. मी आज बारा उठाबशा काढल्या. ह्यांच्या नऊ.