हृदय एकच, पासपोर्ट दोन

४ सप्टेंबर
आइस हॉकीचा सीझन सुरू. उत्तर इटलीतल्या ब्रुनेकमधला माझा तिसरा. वय चौतीस, पण बर्फावर विशीतला दिसतो. हेल्मेट घातल्यावर तर नक्कीच.
संकल्प: वजन कमी, चिडचिड कमी, आणि नाताळात डावोसच्या स्पर्धेत कॅनडाची जर्सी. त्या स्पर्धेसाठी कॅनडा आपली टीम युरोपात खेळणाऱ्यांमधूनच निवडतो. म्हणजे माझ्यासारख्यांमधूनच.
इटलीचाही पासपोर्ट आहे माझ्याकडे. आजोबा फ्रिउलीतल्या डोंगरातून कॅनडातल्या सडबरीच्या खाणीत कामाला गेले, त्यांची पुण्याई. क्लबला परदेशी खेळाडू मोजकेच घेता येतात, म्हणून क्लबचं त्या पासपोर्टवर फार प्रेम. माझ्या दृष्टीने तो कामापुरता. हृदय कॅनडाचं.

१५ सप्टेंबर
वजन वाढलं. दोष ट्राउडलबाईंचा. त्यांच्या खानावळीच्या वरची खोली भाड्याने घेतली आहे, आणि खाली सतत काहीतरी लोण्यात परततायत. शिळ्या पावाचे एवढाले गोळे करतात, त्यात खारवलेलं डुकराचं मांस. दोन खाल्ले की संकल्प संपला.
त्यांचा मुलगा इग्नात्स डिफेन्सला माझा जोडीदार. चोवीस वर्षांचा. बरा आहे, पण अनुभव नाही. माझ्याकडून खूप शिकतो. विचारत नाही, बघून शिकतो बहुतेक.

१९ ऑक्टोबर
इटलीच्या नॅशनल टीमच्या कोचचा फोन. कारी लेहतोवारा. इटलीचा कोच फिनलंडचा, यावरूनच काय ते समजावं. नोव्हेंबरच्या कॅम्पला ये म्हणाला. इग्नात्सही असेल, तुम्ही दोघं एकत्र खेळलेले आहात वगैरे.
मी शांतपणे सांगितलं, ‘‘सर, माणसाला हृदय एकच असतं. माझं कॅनडाला दिलेलं आहे.’’
तो ‘‘बरं’’ म्हणाला आणि फोन ठेवला. फार लागलं असावं त्याला.
लगेच सडबरीहून बाबांचा फोन. सांगितलं त्यांना, वाटलं ऊर भरून येईल. तर म्हणाले, ‘‘अरे शहाण्या, कॅनडाने तुला विचारलंय का पण?’’
विचारतीलच ना. यादी अजून लागायची आहे.

२१ नोव्हेंबर
कॅनडाकडून फोन नाही. मोबाईल प्रॅक्टिसलाही जवळ ठेवतो. काल बेंचवर वाजला, कोच खवळला. मोबाईल कंपनीचा माणूस होता.
इग्नात्स कॅम्पहून परत आला. कसं झालं म्हणून मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. भलताच आगाऊ.

१२ डिसेंबर
यादी लागली. मी नाही.
जर्मनीत दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळणारा एक ठोंब्या आहे, त्याला उलटं स्केटिंग करताना मान वळवता येत नाही. तो आहे! एजंटला फोन केला. म्हणाला, ‘‘डॉम, तुला वगळलं असं नाही रे, तुझं नाव निघालंच नाही.’’
म्हणजे नाकारलेलं नाही. हे महत्त्वाचं आहे. तरी एक हॉकी स्टिक मोडली. चिडचिडीचा संकल्प जानेवारीपासून.

१३ डिसेंबर
शांत डोक्याने विचार केला. मी मुळात इटालियन. जेवताना हातवारे करतो, पटकन रडू येतं, कॉफीत दूध चालत नाही. इतकी वर्षं लक्षातच आलं नाही. कारीला सविस्तर मेसेज केला: हृदयाविषयी गैरसमज झाला होता.
उत्तर नाही. फिनलंडची माणसं घुमी असतात.

३ जानेवारी
इटलीचं राष्ट्रगीत पाठ करतोय. अंघोळ करताना म्हणतो, तिथे आवाज घुमतो. आज ट्राउडलबाईंनी दार ठोठावलं. मला वाटलं कौतुक करणार. म्हणाल्या, ‘‘डोमिनिक, कुठे भाजलं का बाळा?’’
या गावात सगळे जर्मन बोलतात. इटलीत राहून इटलीची माया नाही. मन विषण्ण होतं.

२० जानेवारी
मॅचला जाताना बसमध्ये इग्नात्सला देशप्रेमाबद्दल चार गोष्टी सांगितल्या. त्याला विचारलं, तू इटलीकडून खेळतोस, पण राष्ट्रगीताला तोंड का उघडत नाहीस?
कानातली गाणी काढून म्हणाला, ‘‘माझे पणजोबा ऑस्ट्रियात जन्मले आणि इटलीत मेले. घर तेच, गोठा तोच, महायुद्धानंतर सीमा तेवढी सरकली. ते जागचे हललेसुद्धा नाहीत. तुझे आजोबा देश सोडून गेले, आमच्या पणजोबांना देश सोडून गेला. आता तू सांग, कोणी गायचं?’’
मी म्हटलं, मग खेळतोस कशाला?
‘‘बोलावतात म्हणून. आणि मला खेळायला आवडतं म्हणून.’’
गाणी परत कानात. असल्या पोरांच्या हातात देशाचा डिफेन्स.

६ फेब्रुवारी
बोलावलं! कारीकडचे दोन डिफेन्समन तापाने पडलेत. निमित्त काहीही असो. स्लोव्हेनियाशी मैत्रीची मॅच. निळी जर्सी अंगात गेली (थोडी ओढावी लागली). फोटो बाबांना पाठवला. बाबांचं उत्तर: ‘‘रंग बरा आहे. पोट आत घे.’’
वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये इटलीच्या गटात कॅनडा आहे. बाबांना आत्ताच सांगून टाकलं, विमानाचं तिकीट काढा. मुलगा कॅनडाविरुद्ध खेळणार.

८ फेब्रुवारी
मॅच झाली. राष्ट्रगीत मी पूर्ण म्हटलं, छातीवर हात, डोळे मिटून. उघडले तर सगळी रांग माझ्याकडे बघत होती.
पुढे एक किरकोळ गैरसमज. या टीममध्ये बेंचवर जर्मन चालतं, नाहीतर इंग्रजी. मी ठरवलं, आपण इटालियनच बोलायचं. पक, म्हणजे ती रबरी चकती, माझ्या आणि इग्नात्सच्या मधोमध आला. मी खणखणीत ओरडलो, ‘‘तुओ!’’ म्हणजे ‘माझा’, अशी माझी समजूत. इग्नात्सने लगेच घ्यायला स्टिक घातली. मीही घातली. आम्ही दोघं एकमेकांच्या अंगावर आणि पक स्लोव्हेनियाच्या पोराकडे. गोल.
‘तुओ’ म्हणजे ‘तुझा’. ‘माझा’ला ‘मिओ’. भाषेची ही रचनाच सदोष आहे.
नंतर कारी म्हणाला, ‘‘गातोस छान. वळायला मात्र वेळ लागतो तुला.’’
म्हणजे आधी गुण सांगितला, मग सुधारणा. घेणार नसता तर सुधारणा कशाला सांगितली असती?

२३ मार्च
प्लेऑफमधून बाहेर. क्लबचा सीझन संपला. शेवटच्या मॅचला कारी स्टँडमध्ये होता. मी दोनदा हात केला. तो इग्नात्सच्या पायांकडे बघत होता.
पळायला सुरुवात केली. नदीच्या कडेने पुलापर्यंत. उद्या परतही पळत येईन.

१८ एप्रिल
इटलीची यादी. इग्नात्स आहे.
मी नाही.
कारीला फोन लावला. कारण विचारलं. मला वाटलं वजन म्हणेल, वय म्हणेल, त्यावर उत्तरं तयार होती. तो म्हणाला, ‘‘डॉम, इग्नात्सशेजारी एक जाणता माणूस हवा होता मला. ऑक्टोबरमध्ये तूच होतास तो. तू नाही म्हणालास, मी दुसरा शोधला. तो आता बसलाय नीट.’’
मी म्हटलं, पण माझं हृदय आता…
म्हणाला, ‘‘हो, तू कळवलं होतंस,’’ आणि त्याने फोन ठेवला.
आज जास्त लिहीत नाही.

१९ एप्रिल
बाबांना म्हटलं, तिकीट रद्द करा. ‘‘का?’’ म्हणाले. ‘‘मी कॅनडाला बघायला येतोय. तू खेळला असतास तर मधूनमधून तुलाही बघितलं असतं.’’
मग म्हणाले, ‘‘तुझ्या जागी खेळणाऱ्याचं नाव काय रे? त्यालाही एक हाक मारीन.’’
नाव सांगितलं नाही.

२ मे
इग्नात्स उद्या निघतोय. खोलीत आला. उभाच राहिला, हातात आईने दिलेला केक. म्हणाला, कॅनडाचे ते धिप्पाड फॉरवर्ड गोलच्या मागून येतात तेव्हा त्यांना कसं अडवायचं, तू त्यांच्यातच वाढलास, सांग ना.
मला माहीत आहे कसं अडवायचं. झोपेत सांगू शकतो.
म्हटलं, ‘‘माफ कर. मी शेवटी कॅनडाचा माणूस. आपल्या लोकांची गुपितं फोडणार नाही.’’
तो हसला. मग मी हसत नाहीये हे त्याच्या लक्षात आलं. केक टेबलावर ठेवून गेला.
केक चांगला होता. खाताना बरं वाटलं नाही.

१४ मे
इटली विरुद्ध कॅनडा. खाली खानावळीत टीव्ही. म्हटलं होतं वरच बसून राहीन, पण आवाज वर येतो. गेलो. अगदी तटस्थ राहायचं ठरवून करडा स्वेटर घातला. पुढच्या बाकावर जागा मिळाली.
जे गाव इटलीचं नावही धड घेत नाही, ते सगळं आज तिथे. राष्ट्रगीत कोणी म्हटलं नाही. टीव्हीवर इग्नात्स दिसला की मात्र बाया, म्हातारे, खाटीक, सगळे टेबलं बडवत होते. ट्राउडलबाई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या, आत जायला तयार नाहीत.
पाचव्या मिनिटाला कॅनडाचा गोल. मी उभा राहून दोन्ही हात वर करून ओरडलो, हे मला ओरडून झाल्यावर कळलं.
सारवासारव करायची म्हणून कॅनडाच्या दुसऱ्या गोलला डोकं धरून उभा राहिलो. कोणाला पटलं नाही. मलाही नाही. मग इग्नात्सने गोलच्या मागे एक जण असा भिंतीला चेपला की मी पुन्हा उभा, ‘‘शाब्बास पोरा!’’ तिसऱ्या गोलला कोणासाठी उभा राहिलो ते सांगता येणार नाही. पण उभा होतो.
मागून ट्राउडलबाईंचा आवाज आला. रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या.
‘‘डोमिनिक, तू हवा त्या देशाच्या बाजूने ओरड रे बाळा. पण बसून ओरड. माझा मुलगा दिसत नाहीये.’’
बसलो.